न विकायच्या वाकळा

"वहिनी, असं लिहा की वाचणारीला वाटलं पाहिजे, हे बोलावणं माझ्याच दारी आलंय."

धाकट्या दिराचं, विश्वेश्वरचं हे सांगणं कावेरीच्या कानातून जात नव्हतं. शहाण्णव साल होतं. बीडच्या मैदानावर गृहोपयोगी वस्तूंचं प्रदर्शन भरणार होतं. मिक्सर, कपडे धुण्याची यंत्रं, नवनव्या कंपन्या. जाहिरातीचं काम विश्वेश्वरकडे. कावेरी व्रतवैकल्यांवर इथल्या दैनिकात अधूनमधून लिहायची आणि बायका ते आवडीनं वाचायच्या, म्हणून पाहुणी लेखिका म्हणून त्यानं तिलाच गळ घातली. लिंगपूजा आटोपून ती बसली आणि मनापासून लिहून गेली : "बघायला या. आपल्या हातचं काही असेल तर दाखवायलाही आणा. मैदान आपलंच आहे."

मैदान फुललं. विश्वेश्वर पेढे घेऊन आला.

दोन दिवसांनी, भर दुपारी, दारात एक म्हातारी उभी राहिली. डोक्यावर गाठोडं.

"लिव्हणाऱ्या बाई तुमीच का? मी छबुबाई, लिंबागणेशची. शेजारच्या पोरीनं पेपर वाचून दावला, म्हून आलते. फाटकावरचा आत सोडंना. म्हनला, कंपनी कोणती? मी म्हनलं, माझी लेक. मग पेपरच्या हापिसात तुमचं घर इचारलं."

कावेरीनं तिला आत घेतलं, गूळपाणी दिलं. गाठोडं सुटलं. जुन्या लुगड्यांच्या वाकळा. टाके इतके बारीक, की शिवणारीनं डोळ्यांच्या वाती केल्या असाव्यात. सगळ्यांत खाली तान्ह्या बाळाचं दुपटं. त्याचा एक कोपरा शिवायचा राहिलेला.

"केवढ्याला देणार?"

"इकायच्या न्हाईत, माय. माझी तुळजा बाळंतपणात गेली. लेकरू बी गेलं. रडाय लई मान्सं आली, पर तिच्या हातचं कुणी उलगडून बघितलं न्हाई. चार जणांनी बघावं, एवढंच."

तेवढ्यात विश्वेश्वर आला. कावेरीनं त्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं.

"अहो वहिनी, ती जाहिरात होती! उद्या कुणी म्हैस घेऊन आली तर तिलाही गाळा देऊ?"

"म्हैस कशाला येईल, भावजी? वाचून माणूस आलंय."

"गाळे कंपन्यांचे आहेत. विकायचंच नाही तर तिथं काय काम? आज शेवटचा दिवस, मला अडचणीत टाकू नका."

त्याचंही खोटं नव्हतं. पण छबुबाईनं ते ऐकलं होतं. ती वाकळा बांधू लागली. गाठ काही बसेना.

"बसा वो साहेब, जाते मी. आमचंच चुकलं. बोलावणं मोठ्या लोकांचं व्हतं."

बोलावलं होतं ते कावेरीनं. कंपनीनं नव्हे, विश्वेश्वरनंही नव्हे. खाली नाव तिचं छापलं होतं. उद्या देवापुढं बसून कोणत्या तोंडानं जप करायचा?

"छबुबाई," ती हळू म्हणाली, "आज दिवे लागायच्या आत तुमच्या लेकीचं काम लोक बघतील. शब्द देते."

"कुठं, वहिनी?" विश्वेश्वर गोंधळला.

"फाटकाबाहेर. रस्ता तर कुठल्या कंपनीचा नाही ना?"

"तुम्ही उभ्या राहणार? रस्त्यावर? दादा काय म्हणतील?"

आजवर ती भाजीवाल्याशीही चढ्या आवाजात बोलली नव्हती. तिनं दुपटं उचलून नीट घडी घातली, छातीशी धरलं. पदर डोक्यावर घेतला, चपला पायांत सरकवल्या.

"चला, छबुबाई," म्हणाली, आणि उन्हात उतरली.