फुलं विकत आणा

डॉक्टरांनी काकूंना आणि त्यांच्या नणंदेला दवाखान्याच्या बोळात बाजूला घेतलं आणि सांगितलं, आता घरी न्या, मागतील ते खायला द्या, थंडीपर्यंत दिवस काढले तर नशीब समजा. हॉर्नकाकांना कुणी काही बोललं नाही. गरजही नव्हती. उभा जन्म त्यांनी बस चालवली होती. पाठीमागं कोण काय करतंय हे आरशात बघायची खोड नोकरीबरोबर थोडीच सुटते? बायकोचे सुजलेले डोळे आणि बहिणीचा ओला रुमाल त्यांनी टॅक्सीच्या आरशात कधीच टिपला होता.

घरात पाऊल टाकल्या टाकल्या ते म्हणाले, "अगं, माळ्यावरचं कंदांचं खोकं काढ."

"आत्ता? आधी जरा पडा तरी!"

"पडायला पुढं वेळच वेळ आहे. कंद मात्र या आठवड्यात मातीत गेले पाहिजेत."

नणंदबाई म्हणजे काकांची थोरली बहीण. मायेची, पण जीभ डोक्याच्या दोन पावलं पुढं. त्या म्हणाल्या, "अरे, डेलियाला फूल धरायला किती महिने लागतात, माहितेय ना?"

"मला माहितेय गं ताई. डॉक्टरला सांग, तोच घाईत दिसतोय."

आवाज इतका मोठा, की गल्लीच्या टोकाचा न्हावी वस्तरा थांबवून बघायला लागला. त्यांना हॉर्नकाका म्हणत ते काही उगीच नाही.

दरवर्षी ते पांढरे डेलिया लावत. फक्त पांढरे, आणि फक्त मोठे. लाल-पिवळ्यांना ते सर्कशीतली फुलं म्हणत. पांढऱ्यात लपवालपवी चालत नाही, एक डाग पडला की चारचौघांत दिसतो, असं त्यांचं म्हणणं. या वर्षी ते स्टुलावर बसले आणि काकूंनी खड्डे खणले. एकेक कंद हातात घेऊन ते मानेपाशी अंगठा फिरवत, कोंब फुटायचा डोळा शोधत. डोळा नसेल तो कंद बाजूला जाई. "हा नुसता बटाटा. आमटीत घाल," म्हणत. शेवटचा खड्डा बुजवताना काकूंना रडू फुटलं, तेव्हा त्यांनी डोळे मिटून झोप लागल्याचं सोंग केलं. ते सोंग काकूंना कळलं, आणि त्याचाच त्यांना जास्त राग आला.

रोपं कमरेला लागेपर्यंत काकांनी अंथरूण धरलं. मग त्यांनी डेपोतल्या मेकॅनिकला बोलावून घेतलं. निवृत्त होताना डेपोनं त्यांना जुन्या बसचा बाहेरचा आरसा भेट दिला होता. दुसऱ्यांना शाल मिळते, यांना आरसा. तो मेकॅनिकनं खिडकीच्या चौकटीला असा ठोकला, की पलंगावर पडल्या पडल्या अख्खा वाफा दिसावा. त्या दिवसापासून बागेत गोगलगायसुद्धा काकांच्या परवानगीशिवाय हलेना. "डावीकडची काठी सैल झालीय! पाणी पानांवर नको, मुळाशी! अगं, मुळाशी म्हटलं मी!" काकू वैतागत, पुटपुटत, आणि पाणी मुळाशी घालत.

कळ्या दिसायला लागल्या तेव्हा नणंदबाई वाफ्याशी उभ्या राहून काकूंना हळूच म्हणाल्या, "पांढरी आहेत तेच बरं बाई. उपयोगी पडतील."

आतून हॉर्न वाजला. "ताई! माझ्या मयताला माझीच फुलं? फुकटात उरकायचंय होय? विकत आणा!"

नणंदबाईंनी जीभ चावली. काकूंना हसू आवरेना, आणि हसता हसता त्यांनी तोंड दुसरीकडं फिरवलं.

आता डेलियाचं असं असतं: प्रत्येक फांदीच्या टोकाला तीन कळ्या येतात. मधली थोरली आणि दोन बाजूंच्या तिच्या बहिणी. फूल ताटाएवढं हवं, तर बाजूच्या दोन्ही खुडायच्या, त्यांच्याखालचे पानांच्या बगलेतले फुटवेही काढायचे. झाडाचा सगळा जीव एका कळीत जातो. पण ती एकच. तिला पावसानं मारलं की हंगाम गेला. आणि मोठ्या फुलाला उमलायला वेळही जास्त लागतो.

काकू रोज सकाळी वाफ्यात वाकत, बोटं फिरवत, आत येऊन हात धूत. पाचव्या का सहाव्या दिवशी काका म्हणाले, "काय खुडलंस आज?"

"बाजूच्या कळ्या. रोजच्यासारख्या."

"इकडं ये. हात दाखव."

डेलियाची कळी खुडली की नखं हिरवी होतात. काकूंची नखं स्वच्छ होती.

"आरशात सगळं दिसतं गं," काका म्हणाले. पहिल्यांदाच हळू बोलले. "नुसती वाकतेस आणि येतेस."

काकू खुर्चीत बसल्या. खोटं बोलायचं त्राण नव्हतं. "एका फुलाच्या भरवशावर कशी राहू मी? ते उमलायच्या आत तुम्हीच… त्यापेक्षा चार लहान का होईना, लवकर फुलू देत. मला तुम्हाला फूल दाखवायचंय हो!"

"ताई परवडली. ती मला मेल्यावर फुलं देते. तू जिवंतपणी छोटी करून देतेस."

"असं नका बोलू."

"मग कसं बोलू? डॉक्टरनं माझे महिने मोजले. तू कळ्या मोजल्यास. मला फूल बघायचं नाहीये, ते मोठं व्हायला हवंय मला! मी बघतो की नाही, ते माझं मी बघेन."

आणि ते उठले. महिनाभर ज्यांना पाण्याचा पेला पेलवत नव्हता, ते पलंगाच्या कडेला पाय टाकून उभे राहिले. काकूंनी आधी आरडाओरडा केला, मग निमूट खांदा दिला. उंबऱ्याशी थांबत, धापा टाकत, वाटेत डॉक्टरला दोन शिव्या घालत ते वाफ्यापर्यंत पोचले. पहिल्या झाडाच्या बाजूच्या कळीवर त्यांनी अंगठा ठेवला, पण ती तुटेना. बोटांत जोरच उरला नव्हता.

"तू," ते म्हणाले.

काकूंनी त्यांच्या अंगठ्यावर आपला अंगठा ठेवला आणि दाबला. टक् आवाज आला. मग पुढची, मग पुढची. वाफा संपला तेव्हा काकूंची नखं हिरवीगार झाली होती आणि काका मातीतच बसून लहान मुलासारखे खूश दिसत होते.

थंडी पडायला लागली. काका होते. डॉक्टर तपासून डोकं खाजवत निघून गेले, तेव्हा काका आठवडाभर मिजाशीत होते. मधल्या झाडाची कळी फुगली, तिला तडा गेला, आत पांढरं दिसलं. बाहेरची एक रांग उलगडली, मग दुसरी. फूल मुठीएवढं झालं त्या दिवशी काकांनी आरसा जरा खाली कलवायला सांगितला. काकू चहा घेऊन परत आल्या, तेव्हा ते गेले होते. तोंड खिडकीकडं होतं.

घर माणसांनी भरलं. नणंदबाई रडून रडून बेजार झाल्या होत्या, तरी हातात कात्री घेऊन वाफ्याकडं निघाल्या. "त्याचीच फुलं त्याच्या अंगावर घालू गं. किती जीव होता त्याचा!"

काकू झाडापुढं उभ्या राहिल्या. "वन्सं, कात्री ठेवा."

"अगं, असं काय करतेस?"

"फुलं विकत आणा. तुमच्यासमोर सांगितलंय त्यांनी."

"अगं, ती चेष्टा होती त्याची! लोक काय म्हणतील?"

"लोकांना म्हणावं, फूल अजून तयार नाही."

न्हाव्यानं बाजारातून पिवळी फुलं आणली. सर्कशीतली. काकूंना वाटलं, आता हे उठून बसतात आणि ओरडतात. ते उठले नाहीत. माणसं स्मशानातून परत आल्यावर अवकाळी पाऊस लागला, तेव्हा काकू सुतकी माणसांना आत सोडून छत्री घेऊन बागेत गेल्या आणि डेलियावर धरून उभ्या राहिल्या. बायका खिडकीतून बघत होत्या. हिला दुःख आहे का नाही, असं कुणीतरी म्हणालंच. काकूंनी ऐकलं, आणि छत्री दुसऱ्या हातात घेतली.

फूल उमललं ते पुरतं उमललं. नणंदबाई घरातलं सगळ्यात मोठं ताट घेऊन आल्या आणि मागं धरून बघितलं. ताटाची कड कुठंच दिसेना. एकही डाग नव्हता.

"आज माझा भाऊ असता तर काय म्हणाला असता गं!" त्या म्हणाल्या.

"काय म्हणायचंय? ओरडले असते," काकू म्हणाल्या. "शेजारच्या झाडाची बाजूची कळी खुडायची राहिलीय म्हणून."

खरंच राहिली होती. काकू वाकल्या, अंगठा ठेवला आणि खुडली.