तिसरी पुकार झाली नाही

स्वतःच्या साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवशी अमृतनं आपल्या धाकट्या बहिणीचा हात दाराच्या चौकटीवर दाबून धरला आणि दुसऱ्या हातानं दार लावलं. मधलं बोट सापडलं. रेश्मा ओरडली, तेव्हा त्यानं दार उघडलं, बोटाकडं बघितलं आणि शांतपणे म्हणाला, "आता बोल की. काल लई बोलत होतीस."

काल ती एवढंच बोलली होती. नवऱ्या मुलीचे वडील गाब्रूभाऊ पाटोळे यांचं टेंभुर्णीच्या चौकात टायरचं दुकान होतं. मोकळा, मोठ्यानं हसणारा माणूस. पंगतीत त्यांनी रेश्माला सहज विचारलं होतं, "काय गं, आमचे जावई कसे हायेत घरात?" आणि ती हसत म्हणाली होती, "रागीट हायेत थोडे." सगळे हसले. अमृतही हसला होता.

आई, आगाथाबाई, स्वयंपाकघरातून हळदीची वाटी घेऊन आली. तिनं बोटाला हळद लावली, चिंधी बांधली आणि पुटपुटली, "हळू रड. भिंतीपलीकडं चंद्रव्वा हाय."

सोलापुरात रेल्वे लाइन्सच्या मागच्या वस्तीत साळव्यांचं हे घर म्हणजे चांगल्या माणसांचं घर होतं. वडील रेल्वेत फिटर होते, ते गेले तेव्हा अमृत दहावीत होता. तेव्हापासून घरातला पुरुष तोच, असं आगाथाबाईंनी सगळ्यांना सांगितलं आणि त्यालाही. आता तो चिंचोळी एमआयडीसीत सुताला रंग देण्याच्या कारखान्यात सुपरवायझर होता. चर्चमध्ये मिस्साच्या, म्हणजे रविवारच्या उपासनेच्या वेळी ढोलकी तोच वाजवायचा. लहान पोरं त्याच्या मागं मागं फिरायची. म्हाताऱ्या बायकांना तो हाताला धरून पायऱ्या उतरवायचा. घरात आला की बूट काढण्याच्या आवाजावरून आई आणि बहीण दोघींना कळायचं, आज कसं आहे ते. रेश्माच्या खांद्याचं हाड एकदा मोडलं होतं. दवाखान्यात आईनंच सांगितलं, मोरीत घसरली.

लग्न ईस्टरनंतर ठरलं होतं. मधे उपवासकाळ, त्यात चर्चमध्ये लग्नं लागत नाहीत. तयारीला वेळ भरपूर होता. रेश्मा युनिफॉर्मच्या कारखान्यात शिवणकाम करायची, त्यामुळं होणाऱ्या वहिनीचा, सबीनाचा, पांढरा गाऊन तिनंच शिवायचा असं ठरलं.

माप द्यायला सबीना आली ती थेट ड्यूटीवरून, नर्सचा ड्रेस अंगावर तसाच. सोलापुरातल्या एका खाजगी दवाखान्यात ती नोकरीला होती आणि दवाखान्याजवळच खोली घेऊन राहायची. रेश्माचं काळंनिळं बोट तिनं लगेच हातात घेतलं.

"हे काय झालं?"

"दारात सापडलं, वहिनी."

"दार कुणी लावलं?"

रेश्मा टेपकडं बघत राहिली. बाहेर अमृत आईशी मांडवाबद्दल बोलत होता, हसत होता. सबीनानं बोट नीट बांधून दिलं आणि पुढं काही विचारलं नाही. हात मात्र बराच वेळ सोडला नाही.

त्या दिवशी सांगायला हवं होतं. पण रेश्माला वाटलं, सबीना शिकलेली आहे, कमावती आहे, तिच्यावर हात टाकायला तो धजणार नाही. आई तर रोज म्हणायची, "लग्न झालं की निवळंल गं. बायको आली की पुरुष बदलतो." रेश्मालाही ते खरं व्हावंसं वाटत होतं. शिवाय बायको आली की त्याचं आपल्यावरचं लक्ष उडेल, हा विचारही एकदा मनात येऊन गेला आणि तिला स्वतःचीच किळस आली.

मार्चमध्ये कपाट आलं. आगाथाबाईंनी सुनेसाठी घेतलेलं आरशाचं लोखंडी कपाट. टेंपोवाला येडू आणि त्याचा जोडीदार ते उतरवत होते. दारातून आत घेताना येडूचा हात सटकला आणि आरशाला खालून वरपर्यंत तडा गेला.

"साहेब, चुकलं. मी आरसा बदलून देतो," येडू म्हणाला.

अमृत आत गेला, खाटेखालचा पाना घेऊन आला आणि येडूच्या गुडघ्यावर मारला. येडू खाली बसला. मग पाठीवर, मग दंडावर. जोडीदार टेंपोत चढून काचा वर करून बसला. येडू हात जोडत होता, आणि अमृत त्या जोडलेल्या हातांवर मारत होता. गल्लीतली माणसं दारात उभी होती. शेवटी शेजारची चंद्रव्वा, साठीची कानडी बाई, पाण्याचा तांब्या घेऊन मध्ये येऊन उभी राहिली. म्हणाली, "मार. मला मार आता."

अमृत थांबला. पाना बाजूला ठेवून त्यानं रुमालानं कपाळ पुसलं आणि तिला म्हणाला, "मावशी, तुम्ही उन्हात कशाला आलात?"

रेश्मा शिलाई मशीनवर बसली होती. मांडीवर पांढऱ्या सॅटिनचा ढीग होता. सबीना त्या कपाटासमोर उभी आहे आणि तिचे हात जोडलेले आहेत, असं तिला डोळ्यांसमोर लख्ख दिसलं. आई आत येऊन म्हणाली, "लग्नाचं टेन्शन हाय त्याला."

"आई, तो तिलाबी मारणार."

"तोंड बंद ठेव," आगाथाबाई म्हणाल्या. "माझ्या पोराचं लग्न हाय."

ईस्टर झाला आणि पुकार सुरू झाली. लग्नाआधीचे तीन रविवार फादर मिस्सानंतर नवरानवरीची नावं वाचून दाखवतात, आणि या लग्नाला कोणाला काही अडथळा माहीत असेल तर येऊन सांगावं, असं म्हणतात. पहिल्या रविवारी फादर लिओंनी नावं वाचली. लोकांनी माना वळवून अमृतकडं बघितलं. तो ढोलकीवर हात ठेवून लाजला. रेश्मा बाकावरून उठली नाही.

दुसऱ्या रविवारी नावं वाचून झाली, चर्च रिकामं झालं, तरी ती थांबली. फादर मेणबत्त्या विझवत होते.

"फादर, ते अडथळ्याचं म्हणता ना तुम्ही? मला माहीत हाय."

त्यांनी तिला बाकावर बसवलं. तिनं खांदा सांगितला, बोट सांगितलं, येडू सांगितला. फादर लिओ चांगले माणूस होते. त्यांचा चेहरा उतरला.

"अमृत? आपला अमृत?"

"व्हय, फादर. तुमी सबीनाला सांगा. मी सांगितलं तर माझी धडगत न्हाई. पण त्याच्याशी बोलू नका. पाया पडते, त्याच्याशी नका बोलू."

"बघतो मी," फादर म्हणाले. "तू घरी जा. प्रार्थना कर."

ती घरी गेली. फादरांनी मात्र दुपारीच अमृतला बोलावून घेतलं. त्यांना वाटलं, त्यांच्यासमोर वाढलेला पोरगा आहे, समजावलं तर ऐकेल. अमृतनं मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं, डोळ्यांत पाणी आणलं, त्यांचा आशीर्वाद घेतला आणि घरी आला.

त्यानं बूट काढले नाहीत. तसाच आत आला आणि दाराची कडी लावली.

रेश्मा गाऊनला खालची पट्टी लावत होती; संध्याकाळी सबीना फिटिंगला येणार होती. त्यानं मशीनवरून तिला वेणीला धरून ओढलं. स्टूल उलथलं. पहिला बुक्का कानावर बसला आणि पुढचं सगळं तिला पाण्याखालून आल्यासारखं ऐकू येऊ लागलं. तो ओरडत नव्हता. दात आवळून बोलत होता. "फादरांना सांगतीस? फादरांना?" पोटात लाथ बसली. ती गाऊनवर पडली आणि नाकातलं रक्त त्या सॅटिनवर पसरत गेलं.

"आई!" ती ओरडली. "आई, धर की!"

आगाथाबाईंनी धरलं, पण रेश्माला. मागून बसून त्यांनी तिचे दोन्ही दंड घट्ट आवळले आणि कानाशी सांगत राहिल्या, "हलू नको. हललीस की जास्त मारतो. हलू नको गं, लवकर संपंल."

त्या क्षणी रेश्माच्या आत जे तुटलं, ते त्याच्या कुठल्याही मारानं तुटलं नव्हतं. तिनं मान वळवली आणि आईच्या मनगटाला कडाडून चावा घेतला. आई किंचाळली. पलीकडून चंद्रव्वा भिंतीवर मुठी आपटत होती, "दार काढा! पोरीला मारू नका!" मग दारावरच धक्के बसू लागले. कडी जुनी होती. दुसऱ्या की तिसऱ्या धक्क्याला ती खिळ्यांसकट निघाली आणि दारात सबीना उभी, मागं धापा टाकत चंद्रव्वा.

अमृतचा आवाज लगेच बदलला. "ये सबीना, बरं झालं आलीस. हिला फिट आली बघ. पडली मशीनवर."

सबीनानं आगाथाबाईंचं मनगट बघितलं, रेश्माचं नाक बघितलं, रक्तानं माखलेला आपला गाऊन बघितला. ती आत आली आणि रेश्माजवळ वाकली.

"हे घरातलं हाय," अमृत म्हणाला. "तू मधी पडू नको."

"मी तिला दवाखान्यात नेतीय."

"मधी पडू नको म्हटलं ना तुला!"

त्यानं तिचा अंबाडा मुठीत धरला आणि डोकं भिंतीवर आपटलं. एकदा, मग पुन्हा. तो आवाज रेश्मानं पाण्याखालूनही ऐकला. मशीनखाली तिची मोठी कात्री पडलेली होती. तिनं ती दोन्ही हातांनी उचलली आणि गुडघ्यावर बसल्या बसल्याच त्याच्या मांडीत खुपसली.

अमृत खाली कोसळला. इतकी वर्षं दुसऱ्यांना ओरडायला लावणारा तो माणूस लहान पोरासारखा ओरडत होता, "आई गं! आई!" कात्री बाहेर आली आणि मांडीतून रक्ताची धार लागली. रेश्मानं कात्री पुन्हा उचलली. उचललेली कात्री तिची तिलाच दिसली, पण खाली ठेवता येईना.

सबीनानं तिच्या मनगटाला धरलं. तिच्या स्वतःच्या कपाळातून रक्त डोळ्यात उतरत होतं. "पुरे," ती म्हणाली. "ठेव ती." मग तिनं गाऊनची बाही टराटर फाडली, अमृतच्या मांडीला वरच्या बाजूनं आवळून बांधली आणि गुडघा देऊन त्यावर दाबून बसली. रुग्णवाहिका येईपर्यंत ती तशीच बसून होती. त्याच्याकडं तिनं एकदाही बघितलं नाही.

पुढं पोलीस आले, जबाब झाले. अमृतवर गुन्हा दाखल झाला आणि रेश्मावरही. आगाथाबाईंनी जबाबात सांगितलं की पोरीला भावाचं सुख बघवेना म्हणून तिनं कात्री मारली. चंद्रव्वानं आपल्या मोडक्यातोडक्या मराठीत जे ऐकलं, जे बघितलं ते सगळं सांगितलं, आणि येडूलाही शोधून घेऊन आली.

टेंभुर्णीहून गाब्रूभाऊ आले. दवाखान्यात सबीनाच्या कपाळाचे टाके बघून हा मोठ्यानं हसणारा माणूस भिंतीला टेकून खाली बसला. मग उठून रेश्माच्या खाटेपाशी आला.

"पंगतीत विचारलं होतं मी तुला," तो म्हणाला. "तवा हसलीस तू. माझ्या पोरीचं डोकं फुटायची वाट बघत होतीस व्हय?"

सबीना शेजारच्या खाटेवर बसून होती. "पप्पा, बस करा," ती म्हणाली. वडील बाहेर गेल्यावर मात्र तिनं रेश्माकडं तोंड वळवलं. "मीबी विचारलं होतं."

"व्हय."

"सांगायला पाहिजे होतंस."

"व्हय," रेश्मा म्हणाली आणि रडायला लागली. सबीनानं तिला गप्प केलं नाही. रडू दिलं.

तिसऱ्या रविवारी नावं वाचली गेली नाहीत. फादर लिओ दवाखान्यात येऊन गेले. खाटेशी उभे राहून त्यांनी रेश्माची माफी मागितली. तिला मार बसलेल्या कानानं अजून नीट ऐकू येत नव्हतं, त्यामुळं त्यांना ते वाक्य मोठ्यानं, सगळ्या वॉर्डात ऐकू जाईल असं पुन्हा म्हणावं लागलं.

दवाखान्यातून सुटल्यावर, जामीन मिळाल्यावर रेश्मा काही दिवस चंद्रव्वाकडं राहिली. पण भिंतीपलीकडून आईच्या भांड्यांचा आवाज यायचा आणि तिला झोप लागायची नाही. शेवटी सबीनाच एका संध्याकाळी आली आणि म्हणाली, "चल, माझ्या खोलीत जागा हाय." राग पुरता गेला नव्हता. पहिले काही आठवडे दोघी कामापुरतंच बोलायच्या. स्वयंपाक मात्र एकत्र करायच्या.

जूनमध्ये अमृत जामिनावर सुटला. तो लंगडतो असं कळलं. कारखान्यानं त्याला परत घेतलं नाही. त्याच आठवड्यात आगाथाबाई युनिफॉर्मच्या कारखान्याच्या फाटकाशी आल्या. जेवणाची सुट्टी होती.

"जबाब मागं घे," त्या म्हणाल्या. "तो घरात बसून राहतो आता. सगळा राग माझ्यावर काढतो."

रेश्मानं बघितलं. आईच्या गालावर पदर ओढलेला होता. "माझ्याबरोबर चल आई," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता. सबीना न्हाई म्हणणार न्हाई."

"पोराला टाकून?"

"व्हय. टाकून."

आगाथाबाईंचा हात वर गेला. चारचौघांत, इतक्या वर्षांत कधी गेला नव्हता तसा. रेश्मानं तो हवेतच धरला. हात फार हलका होता.

"सोड," आई म्हणाली. "दुखतंय."

रेश्मानं लगेच सोडला. दोघी तिथंच उभ्या राहिल्या. मग आगाथाबाई पदर सारखा करून रेल्वे लाइन्सच्या दिशेनं चालू लागल्या. सुट्टी संपल्याची घंटा झाली तरी, आई वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत रेश्मा फाटकातून हलली नाही.