शूलानच्या कपाळावरचं कुंकू

मित्रांनो, मी एक जुना, पितळी भिंगाचा जादूचा कंदील आहे. पोटात रॉकेलचा दिवा, पुढे रंगीत काच, आणि काचेवरचं चित्र मोठं होऊन समोरच्या चादरीवर पडायचं. चित्रं दुसऱ्यांची, बोलणंही दुसऱ्यांचंच. तेव्हा माझी हकीकत तुम्हांला ऐकावीशी वाटेल की नाही, याची मला शंकाच आहे.

माझा जन्म अमेरिकेतला. तिथे माझ्यापाशी एका चिनी माणसाची काच होती. कुणीतरी त्याची लांब वेणी ओढतो आहे आणि तो पडतो आहे, असं चित्र. लोक पोट धरून हसत. त्या काळी चिनी मजुराला त्या देशात यायला कायद्यानेच बंदी होती. पुढे मला एका चर्चने विकत घेतलं. तिथे चिनी लोकांची चित्रं पाहून बायका डोळे पुसत. "बिचारे अंधारात आहेत, आपणच त्यांना वर काढायला हवं," असं म्हणत. हसणारे असोत की रडणारे, चादरीवरच्या माणसाला कुणी काही विचारलं नाही.

तिथून त्या चर्चच्या मिशनरी हॉलिसबाई मला चीनला घेऊन गेल्या. त्यांनी तिथे शाळा चालवली. शाळेच्या दारात कुणी सोडून गेलेली एक मुलगी त्यांनी लेकीसारखी वाढवली. तिचं नाव शूलान. महायुद्धाची लढाई जवळ आली तेव्हा अमेरिकन बायांना बोटीने बाहेर काढलं. शूलानला बोटीवर जागा मिळाली नाही. "मी परत येते," असं तिला सांगून बाई निघाल्या आणि वाईला मिशनच्या बंगल्यात येऊन राहिल्या. बरोबर मी होतो, चीनच्या चित्रांच्या काचा होत्या, आणि त्यांत शूलानचा फोटो असलेली एक.

बंगल्यात स्वयंपाकाला अंबूबाई होत्या. त्यांचा मुलगा सयाजी फौजेत, ब्रह्मदेशाच्या आघाडीवर. दोघी एकमेकींना धीर देत. एका संक्रांतीला अंबूबाईंनी शेजारणींना हळदीकुंकवाला तिथेच बोलावलं आणि बाईंनी दारंखिडक्या लावून माझा खेळ केला. आता बोलणं बदललं होतं. "हे आपले शूर मित्र," बाई सांगत होत्या. "यांचं सरकार आपल्या बाजूने लढतं आहे." अमेरिकेतली ती बंदीही नुकतीच उठली होती.

मग चादरीवर शूलान आली.

"आवं बाई, समद्यांस्नी कुंकू लावलं, आन् तुमच्या लेकीचं कपाळ रितंच व्हय?" असं म्हणत अंबूबाईंनी करंड्यात बोट बुडवलं आणि चादरीवर टेकवलं.

"अगं, चादर हाय ती," शेजारची राहीबाई म्हणाली.

"आसू दे. सयाजीच्या फोटूला बी मी ओवाळतेच की."

बाईंनी काच बदलली, तर कुंकू एका घंटाघराच्या घड्याळावर जाऊन बसलं. बायका खूप हसल्या. हसता हसता हॉलिसबाईंना रडू आलं. तो डाग पुढे किती धुतला, पण गेला नाही.

लढाई संपली. सयाजी लंगडत का होईना, घरी आला. चीनमध्ये मात्र आपसांतली लढाई पेटली. चीनला परतायला भरलेली बाईंची ट्रंक दाराशी तशीच राहिली. पावसाळ्यात आतल्या कपड्यांना बुरशी येई आणि अंबूबाई ते उन्हात घालून पुन्हा भरून ठेवत.

एकोणपन्नास साली तिथे नवं सरकार आलं. त्याच थंडीत महाबळेश्वरहून मिशनचे मोठे साहेब उतरले. जेवताना ते इंग्रजीत म्हणाले, "इतकी वर्षं आपण त्यांच्यासाठी केलं, आणि चीन आपल्या हातून गेला. त्यांनी आपल्याला फसवलं. ती चित्रं आता दाखवू नका."

मला वाटलं, चीन यांच्या हातात होता कधी? पण माझं कोण ऐकतो.

बाई उठल्या. मग त्यांनी सगळ्या काचा आणून साहेबांपुढे ठेवल्या. शूलानची काच सर्वांत वर होती.

"बाई, ही कुठं निघाली?" अंबूबाईंनी विचारलं.

"साहेब नेतील. तीही आता तिकडचीच झाली."

"तुमी इचारलं तिला?"

बाईंनी काचांच्या पेटीचं झाकण लावलं. साहेबांनी पेटी उचलली.

नाताळच्या दुपारी बाईंनी चादर टांगायला सांगितली आणि दारंखिडक्या लावून मला पेटवलं. माझ्यात काच नव्हती. चादरीवर पांढरा उजेड पडला, आणि त्यात तो कुंकवाचा डाग. बाई जवळ गेल्या. डागाखाली त्यांनी बोटाने डोळे काढून पाहिले, मग नाक. मग बोट थांबलं.

"अंबू, तिची हनुवटी कशी होती गं?"

"बारीक हुती, बाई. तुमास्नी आठवत न्हाई?"

"नाही."

अंबूबाई आत गेल्या, करंडा घेऊन आल्या आणि त्यांनी जुन्या डागावर नवं कुंकू लावलं. संध्याकाळी बाईंनी ट्रंक रिकामी केली.

मित्रांनो, माझं भिंग आता आंधळं झालं आहे. मला कुणी पुसलं नाही तरी चालेल. एक मागणं मात्र करतो, जमलं तर ऐका. एखाद्या देशाची माणसं बिचारी आहेत, शूर आहेत, दगाबाज आहेत, असं तुम्हांला कुणी ना कुणी सांगेलच. ते ऐका हवं तर. पण त्यांतल्या एकाचाही फोटो तुमच्यापाशी असेल, तर तो कुणाच्या सांगण्यावरून देऊन टाकू नका.