वाचून दाखवलेले निरोप

जिल्ह्याच्या गावी आठ महिन्यांचा वर्ग करून एर्सिलिया परत आली, तेव्हा गावाला वाटलं, आता हिचं लग्न ठरणार. लग्नबिग्न काही ठरलं नाही. पण तिच्या अंगणातल्या काजूच्या झाडाखाली माणसांची ये-जा मात्र वाढली.

खेड्यातल्या मुलींना लिहायला-वाचायला शिकवायचं आणि त्यांच्यातूनच पुढच्या शिक्षिका तयार करायच्या, असा तो वर्ग होता. तिथून तिला एक घडीचा फळा, खडूंची पेटी आणि शिक्का मारलेला कागद मिळाला. आठवड्यातून तीन दुपारी सात मुली तिच्यापाशी बसून अक्षरं गिरवायच्या. बाकीच्या वेळी बायका यायच्या, त्या हातात फोन घेऊन. गावातले बहुतेक पुरुष सीमेपलीकडे, जोहान्सबर्गकडच्या सोन्याच्या खाणींत. बोलायला पैसे फार पडतात म्हणून तिकडून मेसेज यायचे. फोन घरोघरी होते, वाचणारी मात्र एकटी एर्सिलिया. शाळेतले मास्तर होते, पण ते दीड तासाच्या वाटेवर, आणि बायकांना त्यांची लाज वाटायची.

सुरुवातीला तिला मोठी गंमत वाटली. मग सेलेस्तेच्या नवऱ्याचा मेसेज आला, 'तपासणीत आजार निघालाय, तूही तपासून घे.' एर्सिलियाने तो हलक्या आवाजात वाचून दाखवला, कुणाला एक शब्द सांगितला नाही. तरी दुसऱ्या दिवशी विहिरीवर सेलेस्तेने तिला पाहिलं आणि आपली घागर उचलून पलीकडे नेऊन ठेवली. जिच्या तोंडून आपलं गुपित ऐकलं, तिच्या तोंडाकडे बघवत नाही माणसाला. असं तीन-चार घरांत झालं. एर्सिलिया विहिरीवर गेली की बोलणं थांबायचं. 'ऊन फार आहे नाही,' असं कुणीतरी म्हणायचं आणि सगळ्या दोराकडे बघायच्या.

घरी मात्र वहिनी होती. आई-वडील मागेच गेलेले. थोरला भाऊ अझारियास खाणीत. अंगणात दोन झोपड्या, त्यांत एर्सिलिया, वहिनी फ्लोरिंदा आणि वहिनीची चार वर्षांची तेल्मा. नणंद-भावजय एकाच ताटात मक्याच्या पिठाची घट्ट शिमा मोडून खायच्या. फ्लोरिंदा सव्वीसची, हसली की सगळं अंग हलवून हसणारी. शेजारची साल्मिनाआजी म्हणायची, "तुमच्या घरात दोन बायका राहतात की वीस?"

फेब्रुवारीत एका सकाळी फ्लोरिंदा उखळात शेंगदाणे कुटत होती, तेवढ्यात फोन वाजला. कुटाचे हात कमरेला गुंडाळलेल्या कापुलान्याला पुसत ती धावत आली.

"वाच गं, तुझ्या दादाचंच असणार! खाणीतल्या शाळेत जातोय म्हणाला होता. शिकला बघ, स्वतः लिहिलं!"

एर्सिलियाने वाचलं. 'फ्लोरिंदा, मी आता तिकडे येणार नाही. इथे माझं घर झालंय, मुलगा झालाय. तू वडिलांकडे गेलीस तरी माझी हरकत नाही. एर्सिलिया, हे तूच वाचणार. तू शिकलेली आहेस, तिला नीट समजावून सांग.'

"काय गं, गप्प का? अक्षर वाईट आहे का त्याचं?"

"फोनवर अक्षर सगळ्यांचं सारखंच असतं, वहिनी."

"मग वाच की!"

"लिहिलंय... काम फार आहे. या वर्षी यायला जमणार नाही. घराकडे लक्ष दे."

"एवढंच?"

"तेल्माला जप म्हणतो."

"आणि मला?"

एर्सिलियाने फोनच्या काचेकडे बघितलं. "तू पण स्वतःला जप, असं लिहिलंय."

फ्लोरिंदा खदखदून हसली. "हा खरा शिकला म्हणायचा! सहा वर्षांच्या संसारात एकदा तरी म्हणाला होता का असं?"

दोन दिवस जाऊ द्यावेत, मग सांगावं, असं एर्सिलियाने मनाशी ठरवलं. दोनाचे दहा झाले. फ्लोरिंदा उत्तर सांगायची, ते एर्सिलिया टिपायची, आणि भावाला मात्र दुसरंच पाठवायची, 'तुझं तू सांग. मी सांगणार नाही.' त्याचं एकदाच उत्तर आलं, 'मला जमत नाही.' त्यानंतर काहीच नाही.

पण फोन वाजायचा थांबला नाही. फोन कंपनीचे मेसेज यायचे. शनिवारपर्यंत सवलत, अमुक भरलं तर तमुक फुकट. दर वेळी फ्लोरिंदा तोच चेहरा घेऊन समोर बसायची. मग एर्सिलिया त्या जाहिरातीवर नजर ठेवून वाचायची, "मका कसा आलाय म्हणून विचारतो." "तुझ्या हातची शेंगदाण्याच्या कुटातली पानांची भाजी आठवते म्हणतो." एकदा तर, "तू लग्नात निळा कापुलाना नेसली होतीस, तो अजून आहे का," असंही वाचलं. त्या दिवशी फ्लोरिंदाने पेटीच्या तळाचा निळा कापुलाना काढला आणि नेसून विहिरीवर गेली.

वहिनी दिवसेंदिवस उजळत चालली. एर्सिलिया मात्र तिच्यासमोर बसून जेवायची टाळाटाळ करू लागली. आजवर जे मनात यायचं ते वहिनीला सांगायचं, अशीच सवय. आता तिच्यापासूनच चोरून जे चाललं होतं ते सांगणार कुणाला? विहिरीवर आधीच कुणी नव्हतं, आता घरातही कुणी उरलं नाही. मुलींना फळ्यावर 'खरं' हा शब्द लिहून दाखवताना एकदा तिचा हात थांबला. मुलींना वाटलं, बाईंचा खडू मोडला.

ऑक्टोबरात जिल्ह्याहून दोना इवोने, म्हणजे इवोनेबाई, मोटरसायकलवरून आल्या. एर्सिलिया शिकली त्या वर्गाच्या प्रमुख. म्हणाल्या, "या वेळी तीस वर्षांखालच्या बायकाही घेतोय. गवंडीकाम, वायरिंग, नळकाम. दहा महिने, राहणं-जेवण आमचं, लहान मूल असेल तर तेही सोबत. तुमच्या गावातून एक नाव द्या, शुक्रवारपर्यंत."

एर्सिलियाच्या मनात एकच नाव आलं. फ्लोरिंदाने सारवलेली भिंत बघून लोक थांबायचे, हाताचा ठसा शोधून सापडायचा नाही. पण फ्लोरिंदाने मान उडवली.

"वेड लागलंय का तुला? आणि घर? त्याने काय लिहिलंय, घराकडे लक्ष दे. परवाच नाही का म्हणाला, डिसेंबरात बघतो जमतंय का. तो आला आणि मी तिकडे विटा रचत बसले, तर काय म्हणेल?"

ते 'परवाच'चं वाक्य एर्सिलियाचंच होतं. फ्लोरिंदाचा चेहरा पडलेला तिला बघवला नव्हता, म्हणून बोलून गेलेली.

बुधवारी मुली घरी गेल्यावर तिने वहिनीला झाडाखाली बसवलं आणि सांगितलं. कसं सांगावं हे आठ महिने सुचलं नव्हतं, ते तेव्हाही सुचलं नाही. नुसतं घडलं ते सांगितलं.

फ्लोरिंदा बराच वेळ मांडीवरचं तूस झटकत राहिली. मग तिने फोन पुढे केला. "आता खरं वाच."

एर्सिलियाने वाचलं. "परत वाच," फ्लोरिंदा म्हणाली. तिने परत वाचलं.

"मुलगा झालाय."

"हो."

"आणि ती भाजी? निळा कापुलाना?"

"ते मी, वहिनी."

फ्लोरिंदा हसली, पण अंग हललं नाही. "म्हणजे आठ महिने मी नणंदेशी संसार केला."

"तुला त्रास होऊ नये म्हणून गं..."

"त्याने मला टाकलं, ते एका वाक्यात टाकलं," फ्लोरिंदा म्हणाली. "तू रोज थोडं थोडं फसवलंस. कुणाचा राग धरू ते तरी वाचून सांग, एवढं शिकलीस तर."

फ्लोरिंदा उठली, मुसळ उचललं आणि अंधार पडेपर्यंत मका कुटत राहिली. त्या दिवशी दोन ताटं वाढली गेली.

शुक्रवारी सकाळी ती एर्सिलियासमोर उभी राहिली. "नाव दे माझं. गवंडीकामाला. आणि तिथे वाचायला शिकवतात ना?"

"शिकवतात."

"बरं."

सोमवारी तेल्माला पाठीशी बांधून ती गेली. एर्सिलियाने गठुळं उचलून द्यायला हात पुढे केला, पण फ्लोरिंदाने ते आधीच डोक्यावर घेतलं होतं.

मग अंगण मोठं झालं. एर्सिलिया दोन्ही झोपड्या झाडायची, वापरात एकच होती. फोन घेऊन कुणी आलं की ती आता म्हणायची, "वाचून दाखवते, पण आधी माझ्या शेजारी बस. जे लिहिलंय तेच सांगेन." काही बसायच्या, काही फोन घेऊन परत जायच्या. वर्गात साताच्या अकरा झाल्या. एक दिवस सगळ्यांत मागे सेलेस्ते येऊन बसली. पाटी मांडीवर घेऊन खाली मान घालून लिहायची, बोलायची नाही. डिसेंबरात खाणीतले पुरुष बस भरून आले, अझारियास आला नाही. त्याच्याबद्दल कुणी विचारलं नाही. सगळ्यांना आधीपासून ठाऊक होतं, असं एर्सिलियाला त्या दिवशी कळलं. फक्त तिच्याकडेच कुणी बोललं नव्हतं.

ईस्टरला फ्लोरिंदा आली. दंड भरले होते, नखांत सिमेंट होतं. पावसाने मागची भिंत खचली होती. तिने काही न विचारता पोरांकडून विटा, वाळू, सिमेंट आणवलं, दोरी लावली आणि दोन दिवसांत ती भिंत विटांची उभी केली. एर्सिलिया पाणी आणून देत होती. दोघींचं बोलणं 'इकडे दे', 'पुरे', 'जरा वर' एवढंच. तेल्मा तेवढी दोघींच्या मध्ये नाचत होती आणि शहरातल्या मुलांच्या गोष्टी सांगत होती.

तिसऱ्या दिवशी एर्सिलिया त्यांना फाट्यापर्यंत पोचवायला गेली. गाडीची वाट बघत दोघी रस्त्याच्या कडेला बसल्या.

"शहरात काम मिळणार आहे मला," फ्लोरिंदा म्हणाली. "एका मुकादमाने सांगितलंय. तेल्मालाही तिथेच शाळेत घालेन."

"चांगलं आहे, वहिनी."

गाडी दिसते का ते फ्लोरिंदाने वाकून पाहिलं. "तू वाईट नाहीस गं. मला ते कळतं. पण मी हसायचे ना त्या मेसेजांना, तेव्हा तू समोर बसून बघायचीस. ते आठवलं की तुझ्याकडे बघवत नाही."

"कधी बघवेल?"

"सिमेंट किती दिवसांत धरतं ते सांगू शकते," फ्लोरिंदा म्हणाली. "हे नाही सांगता येत."

गाडी आली. आत माणसं दाटीवाटीने बसलेली. फ्लोरिंदाने तेल्माला खिडकीतून आत दिलं आणि स्वतः दारातून शिरली. तेल्माने हात हलवला. फ्लोरिंदा तिकिटाचे पैसे काढण्यात गुंतली होती.

एर्सिलिया ऊन डोक्यावर घेऊन परत आली. त्या दिवशी वर्ग नव्हता. तिने चूल पेटवून शिमा शिजवली. एकटीपुरतं पीठ किती घ्यावं याचा अंदाज तिला अजून आला नव्हता. उरलेली झाकून ती साल्मिनाआजीकडे घेऊन गेली.

"गेली का?" आजीने विचारलं.

"गेली."

आजीने चटईचं एक टोक झटकलं. "बस मग जरा."

एर्सिलिया बसली.