तांबड्या पाण्याचा फोटो

सकाळी अकराला पाच कमी असताना गू सोल्बीने एक मेसेज पाठवला, आणि साडेअकराला ती स्वतःच्याच मेसेजच्या मागे होडी घेऊन समुद्रात पळत होती. उलट व्हायला हवं होतं. आधी पाणी, मग मेसेज, हा तिच्या प्रयोगशाळेचा नियम. तो तिनेच केलेला आणि आज तिनेच मोडलेला.

मेसेज छोटासाच होता. ‘खाडीच्या तोंडाशी दाट लाल शेवाळ. भरतीबरोबर दुपारी दोनपर्यंत पिंजऱ्यांपाशी पोहोचेल.’ थोंग्योंग शहराच्या दक्षिणेच्या त्या खाडीत तराफ्यांखाली जाळीचे पिंजरे टांगून मासे वाढवणारे सतरा मत्स्यपालक होते. प्रत्येकाच्या मोबाइलवर तो एकदमच वाजला असणार.

फोटो काढला होता तो बुटांच्या खोक्याएवढ्या उपग्रहाने. सोल्बीची सात वर्षं त्या खोक्यात गेली होती. रोज सकाळी दहा वीसला ते खोकं या किनाऱ्यावरून जायचं, समुद्राचा रंग बघायचं आणि खाली सांगायचं. मोठे सरकारी उपग्रह बघतात तेव्हा एवढीशी खाडी त्यांना ठिपक्यासारखी दिसते. सोल्बीच्या खोक्याला एकेक तराफा वेगळा दिसे. पण खोक्यात जागा ती किती! रंग ओळखणारे डोळे त्यात चारच बसले होते. पाचवा बसवायचा राहून गेला, वजनात बसेना म्हणून.

दोन दिवस ढग होते. त्याआधी हे लाल शेवाळ, माशांचे कल्ले बुजवून त्यांना गुदमरवणारं, तिकडे बाहेर, वीस किलोमीटरवर होतं. आज ढग हटले आणि खाडीच्या तोंडाशीच तांबडा पट्टा दिसला. खाली नमुना घ्यायला जायचं म्हणजे तास-दीड तास मोडणार, आणि भरती कुणासाठी थांबत नाही. सोल्बीने मेसेज पाठवून टाकला. पाठवल्यावर तिसऱ्या मिनिटाला म्योंगजामावशीचा फोन आला.

चोन म्योंगजाचा तराफा सगळ्यांत बाहेर, खाडीच्या अगदी उंबरठ्यावर. नऊ पिंजरे, खडकमासे, दोन वर्षं वाढवलेले. वय सदुसष्ट, नवरा नाही, आवाज असा की इंजिन चालू असलं तरी पलीकडच्या होडीत ऐकू जावा.

“पोरी, मी मासे सोडतेय,” ती म्हणाली.

“मावशी, जरा थांबता का? मी पाण्याचा नमुना घेते आणि लगेच...”

“आठ वर्षांपूर्वी थांबले होते की! एका दुपारीत सगळे उताणे. चार दिवस मी मेलेले मासे उपसत होते, डॉक्टरीणबाई. कल्ले नुसते बुळबुळीत. हाताचा वास महिनाभर जाईना. परत नाही मला ते करायचं. जिवंत सोडले तर निदान कुठेतरी जगतील.”

सोडायची परवानगी होती. आठवड्यापूर्वीच सरकारी माणसं मासे तपासून शिक्का मारून गेली होती. वेळ आली तर जाळं खाली करायचं आणि दोन वर्षांची मेहनत समुद्राला देऊन टाकायची. एकदा गेलेला मासा परत येत नाही. सोल्बीच्याच फोटोवर विश्वास ठेवून ही बाई आपलं घरदार सोडून द्यायला निघाली होती.

तांबड्या पट्ट्यात पोहोचल्यावर तिने होडी थांबवली, बाटली बुडवली आणि थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला. या दिवसांत असल्या पाण्याचा थेंब म्हणजे बाजारातली गर्दी असते. एकाला एक चिकटलेल्या पेशींच्या माळा, वळवळणाऱ्या. तिने डोळा लावला. थेंब रिकामा होता.

रिकामा म्हणजे अगदीच रिकामा नव्हे. बारीक बारीक कचरा होता, न हलणारा. तिने पन्नास मीटर पुढे जाऊन दुसरी बाटली भरली. तेच. तिसरी. तेच. उन्हाच्या वेळी हे शेवाळ वर पृष्ठभागावर येतं, ते तळाशी लपून बसलंय असंही म्हणायची सोय नव्हती. मग हे लाल काय आहे?

तिने किनाऱ्यावर प्रयोगशाळेत बसलेल्या सहकाऱ्याला, कीह्योनला, फोन लावला. तो खोक्याचा फोटो उघडून बसला होता.

“कीह्योन, माती टाकायला सुरुवात झालीय का?”

“नाही. वेळापत्रकात उद्या आहे. मी सकाळी दोनदा बघितलं. माती असती तर आपण तो भाग फोटोतून वगळलाच असता ना?”

हे खरं होतं. लाल शेवाळ आलं की इकडची माणसं होड्यांतून तांबूस माती समुद्रात मारतात. मातीचे कण शेवाळाला चिकटतात आणि त्याला घेऊन तळाला बसतात. वरून बघणाऱ्या चार डोळ्यांना मात्र माती आणि शेवाळ सारखंच दिसतं. म्हणून सोल्बीच्या लोकांनी मातीचं वेळापत्रक सरकारी कार्यालयातून मागवून घेतलं होतं. कागदावर आज माती नव्हती. आणि शहाणी माणसं कागदावर किती विश्वास ठेवतात!

मावशीने फोन उचलला नाही. दुसऱ्यांदाही नाही. सोल्बीने इंजिन पूर्ण वेगात सोडलं.

ती तराफ्याला लागली तेव्हा पहिला पिंजरा मोकळा झाला होता. जाळ्याची एक बाजू खाली सोडलेली, आणि काळसर पाठींची एक ओळ बाहेर सरकत सरकत विरळ होत चाललेली. मावशी दुसऱ्या पिंजऱ्याच्या कडेवर वाकून गाठ सोडत होती. रबरी एप्रनच्या खिशात मोबाइल तसाच वाजत होता.

“मावशी! थांबा! हात लावू नका!”

मावशीने मान वळवली. डोळे लाल, पण त्यात पाणी नव्हतं. “आता काय?”

“पाण्यात शेवाळ नाहीये. तीन ठिकाणी बघितलं. एकसुद्धा पेशी नाही.”

“मग ते लाल काय आहे?” मावशीने बाहेर बोट दाखवलं. “मी सकाळी आले तेव्हाच पाणी तांबूस दिसत होतं. म्हटलं म्हातारी झाले, डोळे फसवतायत. मग तुझा मेसेज आला. आता तू म्हणतेस नाही. काय ते एक सांग.”

“मला वाटतं माती असावी. पण आज कुणी माती टाकलेली नाही, त्यामुळे...”

“वाटतं!” मावशीने कपाळाला हात लावला. “भरती तासाभरात लागेल. तुझं ‘वाटतं’ घेऊन मी इथे बसू? खात्रीने सांग. तुझी आई इथे असती तर तिला काय सांगितलं असतंस?”

थांबा म्हणावं आणि शेवाळ खरं निघावं, तर आठ पिंजरे उताणे. सोडा म्हणावं आणि ते खोटं निघावं, तर आठ पिंजरे रिकामे. सात वर्षं सोल्बीने आकड्यांशी मारामारी केली होती, पण असा प्रश्न तिला कुठल्याही परिषदेत कुणी विचारला नव्हता. मावशीने उसासा टाकला आणि परत गाठीकडे वळली.

तेवढ्यात खाडीच्या आतल्या बाजूने एक होडी आली, ती अशी की मालकाला बहुतेक थांबायचं कसं ते आठवत नसावं. होडीत एक बाहत्तर वर्षांचा म्हातारा उभा, बनियनवर, गुडघ्यापर्यंत तांबडा.

“अगं ए बये! काय करतेस! ती माती आहे, माती! माझी माती!”

हा बाक दोंगपाल, पलीकडच्या तराफ्याचा मालक. मावशीशी त्याचा सहा वर्षं अबोला होता. कुणाच्या नांगराचा दोर कुणाच्या दोरावर पडला यावरून सुरू झालेला, आणि मग कारण विसरूनही दोघांनी निष्ठेने पाळलेला. त्याची होडी तराफ्यावर आदळली. होडीत रिकाम्या गोण्या, एक पंप आणि सगळीकडे ओल्या मातीचा चिखल.

“तुझी माती म्हणजे?” मावशी म्हणाली. सहा वर्षांतलं हे पहिलं वाक्य.

“पहाटे मारली. तुझ्या तराफ्याच्या बाहेरून. चाळीस गोण्या.” दोंगपालने मान खाली घातली. “तू आठच्या आत येत नाहीस हल्ली, लाल पाण्याच्या धास्तीने माशांचं खाणं बंद आहे ना. म्हटलं तेवढ्यात उरकून टाकावं. ओहोटीने ती खाडीच्या तोंडाशी नेली.”

“वेळापत्रक उद्याचं होतं, काका,” सोल्बी म्हणाली. तिचा आवाज तिला स्वतःलाच चिरका वाटला.

“वेळापत्रक माशांना वाचता येतं का? हिचा तराफा सगळ्यांत बाहेर. लाल पाणी आलं की पहिली हीच मरते. मागच्या वेळी बघितलंय मी.”

“आणि सांगायला तोंड नव्हतं?” मावशी ओरडली.

“आपण बोलत कुठे होतो!”

हे मात्र बिनतोड होतं. सोल्बीने होडीतल्या चिखलाची चिमूट उचलली, पाण्यात कालवली आणि काचेवर ठेवली. तेच बारीक कण, न हलणारे, तिन्ही बाटल्यांत होते तेच. तिने एकदा बघितलं, मग डोळे पुसून पुन्हा बघितलं, आणि मग तिचा जीव भांड्यात पडला. ती सूक्ष्मदर्शक छातीशी धरून तराफ्यावर मटकन बसली.

“मावशी, खात्रीने सांगते. माती आहे. गाठ बांधा.”

मावशी हलली नाही. दोंगपालच पुढे झाला, त्याने दुसऱ्या पिंजऱ्याची गाठ तीनदा आवळली आणि पहिल्याचं जाळं वर ओढायला लागला. त्यात जेमतेम वीसेक मासे उरले होते. त्याने ते मोजायचं नाटक केलं, मग ते नाटकही सोडून दिलं.

कीह्योनचा फोन आला. दहा वीसचा संपूर्ण फोटो त्याने पुन्हा तपासला होता, दूरच्या समुद्रासकट. खरं लाल शेवाळ वाऱ्याने बाहेर, मोकळ्या समुद्राकडे ढकललं जात होतं. सोल्बीने फोन स्पीकरवर लावून ते दोघांना ऐकवलं. मग तिथेच बसून तिने सतरा जणांना दुसरा मेसेज लिहिला. ‘सकाळचा इशारा चुकीचा होता. ते शेवाळ नव्हतं, माती होती. पाणी न तपासता मी इशारा दिला. चूक माझी. गू सोल्बी.’ पाठवायचं बटण दाबताना तिला लाजेने कानशिलं तापल्यासारखी वाटली.

मावशीचा मोबाइल वाजला. तिने खिशातून काढला, लांब धरून वाचला, आणि परत खिशात टाकला.

“मावशी, तुमचा एक पिंजरा माझ्यामुळे गेला.”

“गेला. दोन वर्षांचा होता.” मावशी तिच्या शेजारी येऊन बसली. दोघींचे पाय पाण्यात. “आठ वर्षांपूर्वी आम्हाला कुणीच काही सांगितलं नव्हतं. मासे वर आले तेव्हा कळलं. नंतर साहेब लोक आले, गाडीतून उतरले नाहीत, काचेतूनच बघून गेले.”

सोल्बीने काचेवरची माती पाण्यात धुतली.

“मला एकच सांग,” मावशी म्हणाली. “पुढच्या वेळी तुला परत लाल दिसलं, आणि पाणी बघायला वेळ नसला, तर घाबरून मेसेज न पाठवताच ठेवून देशील का?”

सोल्बीला खोटं बोलावंसं वाटलं, पण बोलवेना. “ठेवून देईन बहुतेक. आजच्यानंतर, देईन.”

“ठेवू नकोस.” मावशीने तिचं मनगट धरलं, ओल्या, खरखरीत हाताने, दुखेल इतकं घट्ट. “पाठव. मी परत गाठ सोडीन. आणि तू परत अशीच होडी मारत ये.”

तेव्हा कुठे सोल्बीला रडू आलं, अगदी लहान मुलीसारखं, आवाज करून. पलीकडे दोंगपालने त्यांच्याकडे पाठ फिरवली आणि आधीच घट्ट असलेली गाठ चौथ्यांदा आवळायला घेतली.