एकवीस ओळी

“किती झाल्या?” तिने भांडी विसळता विसळता विचारलं.

“चौदा.” तिच्या नवऱ्याने पेन्सिल खाली ठेवली आणि कमरेवर हात दाबला. “अगं, आज इथं आतून कुणी पोखरतंय असं…”

“हं! तोंडातून काढू नका ते.” ती ओल्या हातांनीच बाहेर आली. “एक वाईट शब्द गेला, की एकवीसच्या एकवीस ओळी पाण्यात. मुकादमीणबाईंनी काय सांगितलंय?”

“झालंय असंच लिहायचं, झालंय असंच बोलायचं.”

“मग?”

“मग काय. पंधरा,” असं म्हणून त्याने पेन्सिल उचलली.

तो दुकानोदुकानी फिरून वजनकाटे दुरुस्त करायचा. तीस वर्षं हेच काम. आकडे त्याला तोंडपाठ, अक्षरांशी मात्र कधी गाठ पडली नव्हती. ती स्वतः चाळिशीत लिहायला शिकली होती. वही दुसऱ्याने लिहून चालत नाही, ज्याचं दुखणं त्यानेच लिहायचं, असं कळल्यावर तिने त्याला समोर बसवून एक वाक्य गिरवायला लावलं. ‘मी ठणठणीत बरा आहे.’ त्या वाक्यातली अक्षरं तेवढी त्याला यायची. बाकीच्या वर्णमालेशी आपलं काही भांडण नाही, असं तो म्हणायचा.

ती एका मोठ्या वसतिगृहाच्या लॉन्ड्रीत चादरींच्या घड्या घालायची. तिथल्या मुकादमीणबाई रोज सकाळी वही लिहीत, जे हवं ते झालंच आहे असं एकवीस वेळा, म्हणजे ते खरं होतं म्हणे. त्यांच्या मुलीला नोकरी लागली ती वहीने, भावाचं लग्न जुळलं ते वहीने. लॉन्ड्रीतलं तीन नंबरचं मशीन तेवढं वहीला दाद देत नव्हतं, असं बायका मागून हसत. ती हसत नसे. नवऱ्याची कंबर धरली त्या आठवड्यातच तिने नवी वही आणली होती.

सुरुवातीला त्याला थोडं बरंही वाटलं. निदान तो तसं म्हणाला. मग तिने नियम आणखी आवळला. कुणी ‘कसं काय?’ विचारलं, तरी वहीतलंच वाक्य सांगायचं. शेजारी विचारत, तो म्हणे, “ठणठणीत!” दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, “काका, दुखणं कितपत आहे?” त्याने आधी तिच्याकडे पाहिलं. तिने हळूच मान हलवली.

“ठणठणीत बरा आहे,” तो म्हणाला.

“वा! गोळ्यांनी गुण आला म्हणायचा. मग आता तीन महिन्यांनी या.”

त्या दिवशी घरी येईपर्यंत ती त्याच्या दोन पावलं पुढे चालत होती. मागे वळून पाहायची गरज तिला वाटली नाही.

दोन महिन्यांनी धान्याचा दुकानदार तिला रस्त्यात भेटला. काहीतरी पुटपुटून पुढे गेला आणि परत फिरला.

“वहिनी, सांगू नका म्हणालेत, पण सांगतो. परवा काट्यावर पाच किलोचं वजन ठेवताना खाली बसले. उठता येईना. रडत होते हो. मी म्हटलं घरी कळवतो, तर माझा हात धरला. म्हणाले, तिच्या ओळी फुकट जातील.”

ती तशीच कामावर गेली. दुपारपर्यंत घड्या घातल्या. त्यातली एकही सरळ आली नाही. मुकादमीणबाई ओरडल्या, तेव्हा ती म्हणाली, “बाई, मला घरी सोडा.”

पुढचे आठ दिवस तपासण्यांत गेले. डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरला. मणक्यांवर पांढुरके डाग होते.

“कॅन्सरची गाठ आहे, हाडांत पसरलीय. चालणं कठीण होत जाईल.” डॉक्टरांचा आवाज चढला. “दुखत नव्हतं का, काका? मागच्या खेपेला सांगितलं असतंत तर निदान पाय वाचवायचा प्रयत्न करता आला असता.”

तिने तोंड उघडलं. सांगायचंच होतं तिला, मीच बोलू दिलं नाही म्हणून. पण तो तिच्या आधी बोलला.

“नव्हतं हो, डॉक्टर. शपथेवर सांगतो. कालपरवा सुरू झालं.”

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं. तीस वर्षांत दुसऱ्याचा काटा त्याने गुंजभरही इकडचा तिकडे होऊ दिला नव्हता. ती खाली बघत राहिली.

वॉर्डात त्याला खिडकीजवळची खाट मिळाली. दुपारी शेजारच्या खाटा झोपेत होत्या. तिने स्टूल पुढे ओढलं.

“खोटं का सांगितलंत?”

“तुला बोलले असते ते.”

“बोलू दे की. माझंच चुकलं.”

“अगं, तू माझ्यासाठीच…” त्याचं वाक्य मध्येच तुटलं. जबडा आवळला गेला. मग त्याने ओठ ताणून हसल्यासारखं केलं. “बरा आहे मी.”

“अहो, नका ना.” तिने पदर तोंडाशी धरला. “आता सांगा मला. सगळं सांगा. कुठं दुखतंय?”

त्याने नजर छताकडे वळवली.

“रागावशील.”

“नाही रागावणार.”

“कमरेत,” तो इतक्या हळू म्हणाला, की तिला खाली वाकावं लागलं. “मग मांडीत उतरतं. खोकलो की डोळ्यांपुढे काजवे चमकतात. तू अंघोळीला गेलीस, की मी उशी तोंडात धरायचो.”

एकदा सुरू झाल्यावर तो थांबेना. कधीपासून, कोणत्या कुशीवर, कोणती पायरी चढताना, सगळं सांगत गेला. ती हूं म्हणत राहिली. मधे एकदाही तिने “होईल बरं” म्हटलं नाही. मग त्याच्या पाठीखाली हात सरकवला.

“इथं?”

“नाही. खाली.”

“इथं?”

“अजून जरा… हां. तिथंच.”

भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली. लोक पिशव्या उचलून निघाले. खाटेची लोखंडी कड तिच्या कोपरात रुतत होती. हात तसाच त्याच्या पाठीखाली ठेवून ती बसून राहिली.