नव्या काचेला कुंकू

मित्रांनो, मी एक जुनी काच आहे, पण खिडकीची नव्हे. छत्रपती संभाजीनगरच्या एका प्रयोगशाळेत लेसरच्या वाटेवर उभी राहणारी मी फेज प्लेट. सूर्यासारखी ऊर्जा इथे तयार करता येईल का, याचा शोध कालिंदी मॅडम घेतात. त्यासाठी इंधनाची मोहरीएवढी गोळी लेसरने सगळीकडून सारखी दाबावी लागते. भाकरी एकीकडे जाड, एकीकडे पातळ थापली की फाटते, तसेच तिचे. लेसरचा झोत मुळात कमीजास्त असतो. माझ्या अंगावरच्या बारीक खाचा त्याचे तुकडे करून एकमेकांत मिसळतात, मग प्रकाश सारखा पडतो.

कितीतरी वर्षे मी हे काम केले. पुढे माझ्या कडेला ओरखडा पडला आणि नवी प्लेट आली. "इतका एकसारखा झोत आजवर मिळाला नव्हता," मॅडम म्हणाल्या. मी कपाटातून ऐकत होते. खोटे कशाला सांगू, माझ्या पोटात दुखले.

गेल्या वर्षी खंडेनवमीला यंत्रांची पूजा झाली. मॅडमची करमाडची विद्यार्थिनी मोनाली हिने नवीला झेंडू वाहिला, हळदकुंकू लावले. माझ्याकडे कोणी ढुंकूनही पाहिले नाही. हिचा तोरा उतरू दे, असे मी मनोमन म्हटले.

"काचेला नाही ना लागलं?" मॅडमनी विचारले.

"नाय मॅडम, चौकटीलाच लावलंय."

पण कुंकवाचा एक कण काचेवर उडाला होता. कपाटाच्या काचेतून मला तो दिसला. काचेला तोंड नसते, आणि असते तरी त्या दिवशी मी ते उघडले नसते.

दसरा झाल्यावर लेसर सुरू केला. तो कण जळाला आणि नवीच्या मधोमध काळा खड्डा पडला. मोनाली रडकुंडीला आली. "एवढंसं तर कुंकू व्हतं."

"मीच नीट बघायला हवं होतं," मॅडम म्हणाल्या. "कपाटातली जुनी काढ."

मी पुन्हा वाटेवर उभी राहिले. ओरखडा असूनही काम भागले. वाटले, जिंकले. पण मोनालीने ती भाजलेली प्लेट टाकली नाही, टेबलावर मांडली. यंदा खंडेनवमीचे फूल आणि कुंकू तिलाच मिळाले. मला कोणी हात लावला नाही.

मित्रांनो, कामाच्या वस्तूवर माया जरूर करा, पण तिला काय सोसते ते आधी पाहा. मला कुंकू नको, फूलही नको. दुरून नमस्कार पुरे. फक्त तो करताना तोंड टेबलाकडे नको, माझ्याकडे असू द्या.